तुम्ही विचारलेत म्हणून : ‘मयीम’ हा नाच कोणी बसवला?

‘मयीम मयीम’ (म्हणजे ‘पाणी पाणी’) हा इस्रायली फेर शिकवू लागल्यापासून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: फुगडी किंवा झिम्मा कोणी बसवला हे कोणालाच सांगता येत नाही, मग ज्याचे साल आणि कर्ती दोन्ही ठाऊक आहेत, त्या नाचाला लोकनृत्य कसे म्हणायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या नाचाच्या जन्मकथेतच आहे.

नाच १९३७ सालचा. रेहोवोतजवळ नआन नावाचे किबुत्झ, म्हणजे सामायिक मालकीची शेतवसाहत, १९३० मध्ये वसले आणि सात वर्षांच्या शोधानंतर तिथे पाणी लागले, असे सांगतात. (या कथेत पुष्कळदा वाळवंट घुसडले जाते, नआन वाळवंटात नाही, पण पाण्यावाचून शेती तिथेही अडलेलीच होती.) त्या पाण्याच्या उत्सवासाठी एल्झे डुब्लोन यांनी हा नाच बसवला. त्या जर्मनीहून आलेल्या, मेरी विग्मान यांच्याकडे आधुनिक रंगमंचीय नृत्य शिकलेल्या नर्तकी होत्या. म्हणजे शेतकऱ्यांचा म्हणून जगभर ओळखला जाणारा हा फेर युरोपातल्या अगदी नव्या नृत्यविचारात तयार झालेल्या कलावतीच्या हातचा आहे, आणि मला तरी त्यात लपवण्यासारखे काही वाटत नाही.

गाण्याचे शब्द मात्र खरोखरच प्राचीन आहेत. बायबलमधील यशयाच्या ग्रंथातील बाराव्या अध्यायाचे तिसरे वचन, ‘तुम्ही आनंदाने तारणाच्या झऱ्यांतून पाणी काढाल’ अशा अर्थाचे, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपताना होणाऱ्या हवदालाच्या विधीत म्हटले जाते. त्यामुळे धार्मिक घरांत वाढलेल्यांना ते शिकवावे लागले नसणार. त्याला चाल लावली इमॅन्युएल अमिरान यांनी, ज्यांचे आधीचे आडनाव पुगाचोव होते. चाल चार मात्रांच्या ठेक्यात सरळ चालते आणि तिचे तीन भाग नाचाच्या तीन भागांशी इतके घट्ट बांधलेले आहेत की गाणे येणाऱ्याला पावले निराळी पाठ करावी लागत नाहीत. पूर्ण वचन गाताना फेर डावीकडे सरकतो आणि उजवा पाय एकदा डाव्याच्या पुढून, एकदा मागून जातो. ही पाण्याची लाट मानतात. मग ‘मयीम मयीम’ म्हणत, म्हणजे पाण्याच्या नावाने, सगळे हात उंचावत मध्याकडे धावतात आणि ‘बे-ससोन’, अर्थात आनंदाने, या शब्दापर्यंत मागे येतात. हा उसळणारा झरा. शेवटी एका पायावर उड्या मारत दुसऱ्या पायाने पुढे आणि बाजूला टेकायचे, मग पाय बदलून तेच करताना टाळ्या वाजवायच्या. दमछाक होते ती इथे.

अशी ठरवून केलेली निर्मिती त्या काळी अपवाद नव्हती. वेगवेगळ्या देशांतून तिथे येऊन वसलेल्या ज्यू लोकांचे मिळून एकही नृत्य नव्हते आणि शेतीच्या नव्या उत्सवांना ते हवे होते. होरा हा फेराचा नाच रुमानियाकडून आला होता. बारूख अगादाती यांनी १९२४ मध्ये तो रंगमंचासाठी नव्याने रचला. दबके या अरबी समूहनृत्याची पावले शेजारच्या अरब गावांची, आणखी काही पावले येमेनी ज्यूंची. १९४४ मध्ये गुरित कादमान यांच्या पुढाकाराने दालिया या किबुत्झमध्ये पहिला नृत्यमेळा भरला आणि ठिकठिकाणी नवे नाच बसवणारे लोक एकमेकांसमोर आले.

फसवणूक झाली असती ती या नाचाला हजारो वर्षांचा म्हटले असते तर. उत्साही निवेदक तसे म्हणतात, तेव्हा मी त्यांना अडवते. पण माझ्या मते कर्ता अज्ञात असणे ही लोकनृत्याची कसोटीच नाही. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुले ‘मयीम’ नाचत आली आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांना डुब्लोन हे नाव ठाऊक असेल. इस्रायली नाच करणाऱ्या मंडळांत तर पाय पुढून-मागून ओलांडण्याच्या त्या पावलालाच ‘मयीम’ म्हणतात आणि ज्या नाचांचा पाण्याशी काही संबंध नाही, त्यांतही ते त्याच नावाने शिकवले जाते.