खुब्याची खोबण हातात आली तेव्हा

रुग्णाच्या स्कॅनवरून त्याच्या हाडाचं थ्रीडी प्रिंटरवर मॉडेल छापून देणं हे माझं काम. अपघातात खुब्याची खोबण, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा बसतो तो खड्डा, फुटलेला रुग्ण. ऑर्थोपेडिकच्या सरांचा निरोप आला, "ऑपरेशन परवा आहे, मॉडेल उद्या सकाळी लागेल." नशिबाने सीटी स्कॅनचे काप एक मिलिमीटरहून पातळ होते. काप जाड असले की मॉडेलला पायऱ्या पडतात आणि बारीक भेगा बुजून जातात.

हाडाची घनता सांगितली की सॉफ्टवेअर हाड वेगळं काढतं. पण मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीला चिकटूनच येतो, कारण सांध्यातली फट फारच अरुंद. गोळा तसाच ठेवला तर खोबण आतून दिसणार कशी? मग एकेक काप उघडून दोन हाडांमधली रेघ माउसने ओढत बसायचं. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे प्रिंटरचं बटण दाबणं! त्यात हाड कुठे खरंच तुटलंय आणि कुठे नुसतं पातळ असल्याने भोक दिसतंय, हे मी एकटी ठरवत नाही. रेडिओलॉजिस्टना शेजारी बसवून घेतलं.

न फुटलेल्या बाजूचं हाड आरशातल्यासारखं उलटवून त्याचंही मॉडेल केलं, म्हणजे फुटलेल्या बाजूचा मूळ आकार हाती येतो. दोन्ही रात्रभर छापत होती. सकाळी छापताना लागलेल्या आधाराच्या काड्या पकडीने तोडल्या, कॅलिपरने मापं ताडून पाहिली.

सरांनी फुटलेलं मॉडेल उलटंपालटं केलं, खोबणीत अंगठा फिरवला आणि मागच्या भिंतीच्या तुकड्याशी थांबले. तुकडा स्क्रीनवरही दिसला होता, पण तो किती फिरलाय हे अंगठ्याला कळलं. "पुढून नको, मागून जाऊ," एवढंच म्हणाले.

मग निवासी डॉक्टर उलटवलेल्या मॉडेलवर हाड जोडायची धातूची प्लेट वाकवायला बसले. टेकवायची, खालून उजेड दिसतोय का बघायचं, काढायची, पुन्हा वाकवायची. एरवी हे सगळं रुग्ण टेबलावर असताना चालतं. प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात गेली. मॉडेल घालता येत नाही. त्याचं प्लास्टिक, पीएलए, साठेक अंशांनाच मऊ पडतं, तिथली वाफ १२१ च्या पुढे. मॉडेल निर्जंतुक पारदर्शक पिशवीत घालून आत नेलं.

प्लेट बसली, एक टोक किंचित वाकवावं लागलं. हातमोजे काढता काढता सर म्हणाले, "पुढच्या वेळी रक्तवाहिन्याही दाखवा, लाल रंगात." दाखवू की, पण त्यासाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध, देऊन स्कॅन लागतो आणि ते स्कॅनच्या आधी कळवावं लागतं, हे त्यांना तिथेच सांगून टाकलं.