मोतीबिंदूचं मोफत शिबिर: तपासणी दहा मिनिटं, प्रवचन तीन तास

आईला घेऊन एका धार्मिक संस्थेच्या नेत्रशिबिराला जाऊन आलो. पत्रकावर ठळक अक्षरांत 'मोफत शस्त्रक्रिया'. त्या दिवशी नुसती तपासणी असते, हे रांगेत उभं राहिल्यावर कळलं. शस्त्रक्रिया आठवड्याने, त्यांच्या मुख्य रुग्णालयात. दोन फेऱ्या धरूनच निघा.

नोंदणी, रक्तदाब, साखर हे पटकन उरकतं. अंगावर येतं ते पुढचं. बाहुली मोठी करणारे थेंब घालून सगळ्यांना मंडपात बसवतात. थेंब अर्ध्या तासात लागू पडतात. प्रवचन तीन तास चाललं. डोळे दिपलेले, समोरचं सगळं धूसर, त्यात आई मधुमेही आणि सकाळपासून उपाशी. उठायला लागलो तर सेवेकरी म्हणाला, "बसा हो, नंबर कुठे जात नाही." नंबर गेला. म्हणून गडद चष्मा आणि खाण्याचा डबा जवळ ठेवा, आणि उपाशी यायचं का ते आधीच फोनवर विचारा. काचबिंदू असेल तर थेंब घालण्याआधी सांगा, नंतर नाही.

सह्यांच्या कागदांत तिसरा निघाला प्रार्थना मंडळाच्या सदस्यत्वाचा. मी तो परत केला. कुणी हूं की चूं केलं नाही, शस्त्रक्रियाही अडली नाही. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी रेड क्रॉस चळवळीने इतर संस्थांसोबत १९९४ साली आचारसंहिता केली. मदतीच्या आडून धार्मिक मत पुढे रेटायचं नाही, असं तीत स्पष्ट आहे. शिबिर म्हणजे आपत्ती नव्हे, हे मान्य. त्या मंडपात बसून पाहा, मग बोलू.

शस्त्रक्रिया चोख. बिनटाक्याची, डोळ्यापुरती भूल, बोलता बोलता झाली. डोळ्यात बसवलेल्या भिंगाचं कार्ड मात्र मागून घ्या, त्यावर भिंगाचा नंबर असतो. घरी आल्यावर डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा नजर कमी झाली तर शिबिराच्या तारखेची वाट बघू नका; त्याच दिवशी जवळचा नेत्रतज्ज्ञ गाठा.

'जाण्यायेण्याची सोय' ही दुसरी थाप. परतीची बस सायंप्रार्थना आटोपल्यावरच सुटते, तोवर पट्टी बांधलेला माणूस बाकावर. स्वतःचं वाहन न्या.

आई दुसऱ्या डोळ्यासाठीही तिथेच जायचं म्हणते. प्रवचन छान होतं म्हणे.