एकसष्टावा सेकंद

गुरुवार, रात्री

भिंतीवरचं घड्याळ आज थकलं. पूर्ण बंद पडलं नव्हतं, पण सेकंदकाटा आठ आणि नऊच्या मध्ये अडकून जागच्या जागी उसळत होता. सेल उतरत आला की काटा बहुतेक इथेच अडतो. उजव्या बाजूने खाली येताना काट्याचं वजनच त्याला मदत करतं. डाव्या बाजूने वर चढताना तेच वजन आड येतं आणि सेलात तेवढा जोर उरलेला नसतो. मी बराच वेळ खाली उभी राहून बघत होते. टक्, आणि पुन्हा मागे. टक्, आणि पुन्हा मागे.

या घड्याळाच्या पोटात धातूच्या बारीक नळीत क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, चिमट्याच्या आकाराचा. वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे, कारण तो १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो. शेजारची चिप दुसरं काही करतच नाही. निम्मं, त्याचं निम्मं, त्याचंही निम्मं, आणि पंधराव्या पायरीला काटा एक पाऊल पुढे टाकतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला जेवढा आनंद झाला होता, तेवढाच आजही झाला.

घरात नवा सेल नव्हता. उद्या आणू आणि फोनवर बघून वेळ लावू, असं मनात आलं आणि तिथेच विचार अडला. फोनला वेळ कोण सांगतं?

तो मोबाइलच्या टॉवरला विचारतो, नाहीतर इंटरनेटवरच्या एखाद्या सर्व्हरला. पण उत्तर येईपर्यंत वेळ पुढे सरकलेली असते. म्हणून विचारणारं यंत्र प्रश्न कधी पाठवला आणि उत्तर कधी आलं हे टिपून ठेवतं, आणि सर्व्हरही त्याला प्रश्न कधी पोचला आणि उत्तर कधी निघालं हे कळवतो. या चार नोंदींवरून जाण्यायेण्यात गेलेला वेळ काढायचा, त्याचं निम्मं सर्व्हरने सांगितलेल्या वेळेत मिळवायचं आणि आपलं घड्याळ त्या वेळेवर आणायचं. ही रीत एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) म्हणून ओळखली जाते. डेव्हिड मिल्स या अमेरिकी प्राध्यापकाने ती बसवली आणि १९८५ मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. पुढची कित्येक वर्षं ते तिच्यावरच काम करत राहिले. त्यांची नजर जन्मापासून अधू होती आणि उतारवयात तीही गेली. जानेवारी २०२४ मध्ये ते वारले. त्या दिवशीही जगभरच्या संगणकांनी एकमेकांना वेळ विचारली असेल, त्यांच्याच रीतीने. त्यांचं नाव मला ते गेल्यानंतर कळलं, याची रुखरुख अजून आहे.

सर्व्हरांच्याही मागे अणुघड्याळं आहेत. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सिझियम या धातूच्या अणूवरून होते. त्यातून निघणाऱ्या एका ठरावीक लहरीची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. जगभरच्या प्रयोगशाळांमधल्या चारशेहून जास्त अणुघड्याळांची मापं पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात जातात, तिथे त्यांची सरासरी काढतात, आणि कुठलं घड्याळ किती पुढे-मागे होतं ते महिन्यातून एकदा कळवतात. म्हणजे या क्षणी नक्की किती वाजलेत, हे अगदी काटेकोरपणे पुढच्या महिन्यात ठरणार. इतक्या माणसांनी इतकं जपलेलं काही माझ्या फोनच्या कोपऱ्यात चार आकडे होऊन बसलेलं असतं, आणि मी ते उशीर झाला की नाही एवढ्यापुरतंच बघते.

शुक्रवार

सेल आणायला विसरले.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "मावशी, पृथ्वी जोरात फिरायला लागली तर आपण पडू का गं?" कुणीतरी बातमीचा फोटो पाठवला होता: पृथ्वीचा वेग वाढला, दिवस लहान झाला, शास्त्रज्ञ चिंतेत. आकडा कुठेही नव्हता.

तिला म्हटलं, आकडा मी सांगते. नोंदवलेला सगळ्यात लहान दिवस ५ जुलै २०२४ चा. तो नेहमीच्या ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान होता. तू एकदा डोळे मिचकाव. जेवढा वेळ गेला त्याचा पन्नासावा भागही त्या दिवशी कमी झाला नाही. तिने खरंच डोळे मिचकावले असणार, कारण थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढंच?" तिच्या आवाजातली भीती गेली ते मला ऐकू आलं.

आकडा लपवून भीती विकणाऱ्या बातमीचा मला मनापासून राग येतो. दहा वर्षांची मुलगी दुपारभर घाबरून बसली होती आणि तिला शांत करणारी गोष्ट त्या बातमी लिहिणाऱ्याच्या हाताशी होती.

शिवाय खरी बातमी याहून मोठी आहे. लांब पल्ल्यात पृथ्वीचा वेग मंदावतोच आहे, कारण चंद्रामुळे येणारी भरती-ओहोटी तिला ब्रेक लावते. त्यापायी चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर टाकून हे मोजलेलं आहे. मधल्या काही दशकांत मात्र पृथ्वीच्या द्रवरूप गाभ्यातल्या हालचालींमुळे वरचं कवच थोडं वेगाने फिरू लागलं. त्याच वेळी ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बर्फ वितळून ते पाणी ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे जातंय. गिरकी घेणाऱ्या माणसाने हात पसरले की त्याची गिरकी मंदावते, तसं हे पाणी पृथ्वीला मंदावतं. डंकन ॲग्न्यू या भूभौतिकशास्त्रज्ञाने मार्च २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हा हिशेब मांडला. आपण बर्फ इतका वितळवलाय की त्याची नोंद घड्याळात होते. हे मथळ्यात यायला हवं होतं. भाचीला हेही कधीतरी सांगेन, पण आज नाही.

शनिवार, उशिरा

कालचा विषय डोक्यातून जात नाही.

अणूचं घड्याळ काटेकोर चालतं, पृथ्वी तशी चालत नाही. दोघांत अंतर पडत जातं. ते ०.९ सेकंदाच्या पुढे जाऊ नये म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालतात, जून किंवा डिसेंबरच्या अखेरीला. २३:५९:५९ नंतर थेट ००:००:०० येत नाही. मधे २३:५९:६० येतो. असे २७ लीप सेकंद झाले. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायला देशोदेशींच्या प्रतिनिधींनी ठराव केला की २०३५ पर्यंत ही ०.९ ची मर्यादा वाढवायची. नवी मर्यादा अशी हवी की निदान शंभर वर्षं घड्याळात खंड पडू नये. म्हणजे व्यवहारात एकसष्टावा सेकंद गेला.

वेळ मतदानाने ठरणं यात नवीन काही नाही. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत २५ देश जमले आणि शून्य रेखांश लंडनमधल्या ग्रीनिचचा धरावा या बाजूने २२ जणांनी मत दिलं. फ्रान्स तटस्थ राहिला. पुढे १९११ मध्ये त्याने तीच वेळ स्वीकारली, पण कायद्यात ग्रीनिचचं नाव येऊ दिलं नाही. लिहिलं काय, तर पॅरिसची वेळ उणे ९ मिनिटं २१ सेकंद. स्पेनने १९४० मध्ये घड्याळं बर्लिनशी जुळवली ती आजतागायत तशीच आहेत. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा शुक्रवार कॅलेंडरातून काढून टाकला, कारण व्यापार ज्यांच्याशी चालतो त्या देशांत तेव्हा शनिवार असायचा. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये वर्षातून दोनदा घड्याळं फिरवणं थांबवायच्या बाजूने कौल दिला, आणि लोक अजून फिरवतातच आहेत.

पण हे सगळे वाद माणसांचे होते. सकाळी किती वाजता उठायचं, कुणाशी व्यापार करायचा, कुणाचं नाव घ्यायचं. लीप सेकंदाचं तसं नाही. तो संगणकांना झेपेना म्हणून गेला. ३० जून २०१२ च्या रात्री तो आला तेव्हा लिनक्स या प्रणालीवर चालणारे कित्येक सर्व्हर गोंधळून अडकले, काही संकेतस्थळं बंद पडली आणि ऑस्ट्रेलियात विमानांना उशीर झाला. मोठ्या कंपन्यांनी आपापली पळवाट काढली. गूगल तो सेकंद दिवसभरात थोडा थोडा पसरवतं. दुसरे लोक वेगळ्या तऱ्हेने पसरवतात. त्यामुळे त्या दिवशी जगात एकाच क्षणी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत असतात. पुढेमागे पृथ्वीच्या वेगामुळे एक सेकंद गाळायची पाळी आली, तर काय होईल याची त्यांना धास्ती आहे, कारण ते आजवर कधी केलेलंच नाही.

हे काम ज्यांना रात्री जागून निस्तरावं लागतं त्यांचं म्हणणं मला पटतं. मीही एकदा अशा रात्री ऑफिसात अडकले होते. स्क्रीनवर एकामागून एक लाल ओळी येत होत्या आणि कुणालाच कारण सापडत नव्हतं. तरीही मी मत दिलं असतं तर विरोधात दिलं असतं. माणसाचं घड्याळ पृथ्वीसाठी थांबायचं अशी ही एकच जागा होती. सॉफ्टवेअर आपण लिहिलेलं आहे, ते सुधारता येतं. पृथ्वीचं फिरणं आपण लिहिलेलं नाही. आणि साठून राहिलेला फरक नाहीसा होत नाही, आपण तो पणतवंडांच्या अंगावर टाकतोय. त्यांना एक सेकंद नाही, कदाचित एक मिनिट एकदम घालावं लागेल. आज एक सेकंद न झेपणाऱ्या यंत्रांची नातवंडं ते मिनिट कसं झेलतील?

याहून जास्त मला हे बोचतं की हा निर्णय झाला आणि तो आपल्यापर्यंत आला नाही. मी जवळच्या सहा जणांना विचारलं, सगळे शिकलेसवरलेले. एकालाही माहीत नव्हतं. जगातल्या प्रत्येक माणसाच्या दिवसाबद्दलचा ठराव होता हा.

रविवार, सकाळी

सेल आणला. सेकंदकाटा अजून नऊच्या अलीकडे थांबलेला होता. मागचं चाक फिरवून तासकाटा-मिनिटकाटा आठ वाजून चाळीस मिनिटांवर आणला. भाची काल रात्री राहायला आलीय. फोन तिच्या हातात दिला आणि सेकंद मोठ्याने वाचायला सांगितले. काटा जिथे थांबलाय तो आकडा आला की सेल बसवायचा असं ठरलं. ती वाचत होती: चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. त्रेचाळीसला मी सेल दाबला. काटा एकदा थरथरला आणि चढू लागला.

"मावशी, बरोबर लागलं?"

दोघी खाली उभ्या राहून बघत होतो. नऊ ओलांडले, दहा, अकरा. तो बारावर आला त्याच क्षणी फोनवर शून्य शून्य आलं, निदान आम्हा दोघींना तसं दिसलं.