फिनिक्समधल्या घराला बाहेरून रंग देताना

फिनिक्समध्ये घराला बाहेरून रंग द्यायचा असेल, तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी एक साधा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि दुपारी ३ वाजता पश्चिमेच्या भिंतीवर धरा. हवा ३८ अंशांवर असेल तेव्हा थेट उन्हातली भिंत सहज ५० च्या पुढे जाते, गडद रंगाची असेल तर आणखी वर. बहुतेक अ‍ॅक्रिलिक रंगांच्या डब्यावर ३२ ते ३८ अंशांची कमाल मर्यादा छापलेली असते आणि ती हवेइतकीच भिंतीलाही लागू असते. हे वाक्य कुणी वाचत नाही. बिघडलेल्या कामांपैकी निम्मी तरी इथेच बिघडतात, असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅक्रिलिक रंगात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी हळूहळू उडत गेलं की ते कण एकमेकांना चिकटतात, एकजीव होतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. तापलेल्या, कोरड्या स्टकोवर (इथल्या बाहेरच्या भिंतींवरच्या सिमेंटच्या गिलाव्यावर) मात्र एका बाजूने भिंत पाणी शोषते आणि दुसऱ्या बाजूने हवा. कणांना जुळायला वेळच मिळत नाही. वरून रंग वाळल्यासारखा दिसतो, पण तो भिंतीत रुजलेला नसतो. आधीच्या पट्ट्याची कड वाळून गेलेली असताना पुढचा पट्टा ओढला, की दोन्हींच्या जोडावर दुहेरी थर बसतो आणि तो कायमचा दिसत राहतो. त्यावर रंगात जास्तीचं पाणी घालणं हा उपाय नाही. त्याने थर पातळ होतो आणि ३-४ उन्हाळ्यांत भिंत पुन्हा फिकटते.

म्हणून काम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत किंवा फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करा. दिवाळीच्या सुमारास घराला रंग द्यायची आपली सवय इथेही बरोबर बसते. २०२३ साली फिनिक्सने सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वरचं तापमान पाहिलं. तशा दिवसांत बाहेरचं काम हातात घेऊच नये. जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनची धुळीची वादळंही असतात आणि ओल्या रंगावर बसलेली धूळ निघत नाही. डिसेंबर-जानेवारीत चालतं, पण सकाळी भिंत १० अंशांच्या वर गेल्याशिवाय सुरुवात करू नका.

आपल्याकडे बाहेरचा रंग म्हणजे पावसाशी झुंज. इथे वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, झुंज आहे ती उन्हाशी. भिंतही वेगळी. विटांवरचा जाड गिलावा डोळ्यांसमोर आणू नका. बहुतेक नव्या घरांत लाकडी सांगाडा, त्यावर पाणी अडवणारा कागद, फोमच्या पाट्या, तारेची जाळी आणि वर जेमतेम १०-१२ मिलिमीटर सिमेंटचा थर असतो. लाकूड हलतं, थर तडकतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या बारीक भेगा जवळजवळ प्रत्येक घरात सापडतात.

तयारीची सुरुवात तळव्याने करा. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर तळवा दाबून फिरवा. हाताला खडूसारखी पांढुरकी भुकटी लागली, तर जुन्या रंगातला चिकटा उन्हाने खाल्ला आहे आणि नुसता रंगद्रव्याचा चुरा उरला आहे. त्यावर लावलेला नवा रंग चुऱ्याला चिकटेल, भिंतीला नाही. १५०० ते २००० पीएसआय दाबाने, रुंद फवाऱ्याच्या टिपने, फूट-दीड फुटावरून धुवा. जवळून मारलात तर स्टकोचा पोतच उखडतो. धुतल्यावर पूर्ण एक दिवस, सावलीतल्या उत्तरेच्या भिंतीला दोन दिवस वाळू द्या. तरीही हाताला भुकटी येत असेल, तर आत मुरणारा मेसनरी प्रायमर लावावाच लागतो.

पायथ्याशी पांढरे डाग असतील तर तो लोणा. झाडांचे स्प्रिंकलर भिंतीवर उडतात, इथलं जड पाणी सिमेंटमधले क्षार घेऊन बाहेर येतं आणि वाळून जातं. लोणा आधी कोरडाच तारेच्या ब्रशने घासून काढा, नंतर धुवा. आधी पाणी मारलं तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. स्प्रिंकलरचं तोंड फिरवलं नाही, तर पुढच्या वर्षी पायथ्याचे पोपडे ठरलेले.

दीड मिलिमीटरपर्यंतच्या भेगा ब्रशने लावायच्या इलॅस्टोमेरिक, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या पॅचने बुजतात. त्याहून मोठ्या असतील तर रंग चढणारा लवचिक सीलंट वापरा. शुद्ध सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. सीलंट बोटाने गुळगुळीत केला तर संध्याकाळच्या तिरक्या उन्हात ती रेघ गोगलगाय चालून गेल्यासारखी चमकते. ओला असतानाच त्यावर बारीक वाळू दाबा आणि ओल्या स्पंजने टिपा, पोत जुळतो. पाव इंचाच्या पुढची भेग स्टको पॅचने भरा. नवा पॅच अल्कलीयुक्त असतो, म्हणून २८ दिवस थांबा. घाई असेल तर उच्च पीएच सोसणारा प्रायमर आधी लावा, नाहीतर त्या जागी रंग फिकट पडून ठिगळ दिसेल.

एक गोष्ट मात्र अजिबात बुजवू नका. भिंत जिथे संपते तिथे जमिनीच्या थोडं वर पत्र्याची पट्टी असते, तिला वीप स्क्रीड म्हणतात. आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. नीटनेटकं दिसावं म्हणून तिथे सीलंट भरणारे रंगारी आहेत. त्यांना काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा.

बहुतेक घरांना १०० टक्के अ‍ॅक्रिलिक, फ्लॅट (बिनचमकीचा) किंवा लो-शीन (मंद चमकीचा) पुरतो. इलॅस्टोमेरिक रंग सगळ्या घराला लावायचा आग्रह मला पटत नाही. बारीक भेगांचं जाळं असेल किंवा सपाट छताच्या घराचा कठडा असेल, तर तो जरूर लावा. पण कठड्याच्या माथ्यावरून पाणी आत जात असेल, तर ते आधी बंद करा. नाहीतर त्या जाड पापुद्र्यामागे पाणी साचून फुगे येतात.

हिशोब असा. भिंतींचा घेर २०० फूट, उंची १० फूट, दारं-खिडक्या वजा जाता १८०० चौरस फूट. डब्यावर गॅलनला ३५०-४०० चौरस फूट लिहिलेलं असतं, ते गुळगुळीत भिंतीसाठी. स्टकोवर पहिल्या हाताला १५० आणि दुसऱ्याला २०० धरा. म्हणजे १२ आणि ९, एकूण २१ गॅलन. ५ गॅलनच्या ५ बादल्या आणा आणि सगळ्या एकमेकींत ओतून एकजीव करा, म्हणजे मधेच छटा बदलणार नाही.

सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. सावलीच्या मागे चला. हिवाळ्याकडे सूर्य खाली उतरतो, तेव्हा दक्षिणेची भिंत जास्त तापते. ती अगदी सकाळी किंवा ढगाळ दिवशी घ्या. एअरलेस मशीनला (दाबाने रंग फवारणाऱ्या यंत्राला) ५१९ किंवा ५२१ नंबरची टिप लावा आणि फवारणाऱ्याच्या मागोमाग दुसऱ्याने १ इंच नॅपचा (लांब लवेचा) रोलर फिरवलाच पाहिजे. नुसता फवारलेला रंग पोताच्या टेकड्यांवर बसतो, खड्डे कोरडेच राहतात. कंत्राटदाराशी बोलताना हा मागचा रोलर लेखी घ्या. त्याचा परवाना अ‍ॅरिझोना राज्याच्या आरओसीच्या (कंत्राटदारांना परवाने देणाऱ्या खात्याच्या) संकेतस्थळावर तपासा.

छटा निवडताना वाळू, गेरू, तपकिरी अशा लोहाच्या ऑक्साइडच्या रंगांकडे झुका. भडक लाल, पिवळे रंग इथल्या उन्हात लवकर उडतात. फोमच्या नक्षीपट्ट्यांवर फार गडद रंग नको, आतला फोम तापून वाकडा होतो. एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाची) मंजुरी बादल्या आणण्याआधी घ्या, टिंट केलेला (छटा मिसळून दिलेला) रंग दुकान परत घेत नाही.

उरलेला रंग गॅरेजमध्ये ठेवू नका, जूनमध्येच तो दह्यासारखा फुटतो. घट्ट झाकण लावून घरात कपाटात ठेवा आणि झाकणावरच्या टिंटच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.