डॉसवर टर्बो सी की वॉटकॉम?

आज सुट्टी होती, घोडबंदर रोडला जायचं पण नव्हतं, म्हणून भाच्याला घेऊन डॉसबॉक्समध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा प्रोग्राम) बसलो. त्याच्या कॉलेजात सी भाषेसाठी अजून टर्बो सी हाच जुना कंपाइलर शिकवतात, आणि त्याला वाटत होतं डॉस म्हणजे तेवढंच! म्हटलं थांब, वॉटकॉम आणि डीजेजीपीपी हे डॉसचे दुसरे कंपाइलर पण दाखवतो.

एकच प्रोग्राम तिघांना दिला, ४०,००० इंटचा (पूर्णांकांचा) ग्लोबल ॲरे. टर्बो सीने तिथेच एरर दिला, ॲरे साइझ टू लार्ज, कारण त्याचा इंट १६ बिटचा, म्हणजे ८०,००० बाइट झाले आणि सेगमेंट, म्हणजे मेमरीचा एक तुकडा, तर ६४ केबीचाच. बाकी दोघे ३२ बिटचे, निमूट कंपाइल करून मोकळे. पण खरी मजा व्हिडिओ मेमरीत आली, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र जिथे साठतं तिथे. वॉटकॉममध्ये डॉस/४जीडब्ल्यू (डॉसवर ३२ बिटचे प्रोग्राम चालवणारा एक्स्टेंडर) घेतलं की साधा पॉइंटर लावा आणि थेट पिक्सेल लिहा, डीजेजीपीपीत मात्र त्यासाठी फारपीटीआरसारखी वेगळी फंक्शन्स वापरावी लागतात, पोरगं तिथे वैतागलं. १९९३चा डूम हा गेम वॉटकॉमवर का केला असेल ते तेव्हा त्याच्या लक्षात आलं. (क्वेक हा गेम मात्र डीजेजीपीपीवर, तोही काही कमी नाही हं.)

टर्बो सी वाईट अजिबात नाही. एफ९ दाबलं की लगेच कंपाइल, हेल्प तिथल्या तिथे, शिकायला आजही मस्त. पण मोठं काही करायचं तर माझं मत वॉटकॉमलाच, आणि ओपन वॉटकॉम फुकट मिळतो, भाच्याच्या लॅपटॉपवर टाकून पण दिलाय. आता टर्बो सीची चित्रं काढायची लायब्ररी, ग्राफिक्स डॉट एच, तिथे चालत नाही, तर त्याचा सापाचा गेम पुढच्या रविवारी वॉटकॉमच्या ग्राफ डॉट एचवर बदलायला बसणार आहोत.