तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूरच्या उन्हात लोखंडाचं घर?

"मॅडम, सोलापुरात राहून लोखंडाची घरं बांधता? भट्टीच की ओ ती!"

हे मला साइटवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभी होते तिथंही एका ओळखीच्या काकांनी गाठून विचारलं. मी "एकदा बघायला या" म्हणते आणि विषय बदलते. परवा पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा ठरवलं की एकदा बसून सगळं लिहूनच टाकावं.

आधी कबुली. मी पत्र्याखालीच वाढले. वडील गिरणीत होते. दोन खोल्या, वर जस्ताचा पन्हळी पत्रा, वावटळीत उडू नये म्हणून त्यावर दगड आणि एक फाटका टायर. मेमध्ये दुपारी बारा ते पाच आई आम्हाला घरात थांबू द्यायची नाही. समोरच्या कडुलिंबाखाली सगळी चाळ जमायची, विड्या वळणाऱ्या बायका सुपं घेऊन तिथंच बसायच्या. तेव्हा भट्टी कशाला म्हणतात ते मला कुणी सांगायला नको.

पण त्याच खोलीत रात्री दहानंतर गाढ झोप लागायची, हेही मला तेवढंच आठवतं. पुढं आम्ही स्लॅबच्या घरात राहायला गेलो. पेढे वाटले. आणि पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्यांची झोप गेली. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, वाफ निघायची, बरं वाटायचं. रात्री एक वाजेपर्यंत पंखा मात्र गरम हवाच फिरवत राहायचा.

यामागं वजनाचा हिशेब आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम ४ किलो भरतो. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो. पत्रा उन्हात काही मिनिटांत तापतो, पण सूर्य मावळला की तितक्याच लवकर निवतो, कारण उष्णता साठवायला त्याच्याकडं जागाच नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते तुमच्या अंगावर सोडतो. म्हणजे पत्र्याचा दोष दुपारचा, स्लॅबचा रात्रीचा. रात्रीचा दोष कुणी बोलत नाही, कारण तो सगळ्यांच्याच घरात आहे.

मग आमचे वाडवडील गारव्यात कसे राहत होते? माळवदात. माझं आजोळ उमरग्याकडचं. तुळया, त्यावर फळ्या आणि चिपाडं, वर फूट-दीड फूट पांढरी माती. भर उन्हाळ्यात आत शिरलं की रांजणात उतरल्यासारखं वाटायचं. एवढ्या जाड मातीतून दुपारची धग खाली पोचेपर्यंत दिवसच संपायचा. त्याहून चांगलं छप्पर या भागाला कुणी दिलेलं नाही, असं मी बेधडक म्हणाले असते. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी पाहिली आहे.

आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे झोपलेले. ३ वाजून ५६ मिनिटांनी आमचा पत्रा खडखडला, मांडणीवरची भांडी खाली आली. मी दहा वर्षांची होते. सगळी चाळ रस्त्यावर, आणि आमच्या गल्लीत एक खरचटणंसुद्धा नाही. उजाडल्यावर किल्लारीच्या बातम्या यायला लागल्या. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं ते गार, जड माळवद. हजारो माणसं झोपेतच त्याखाली गेली. आजीच्या घराचंही अर्धं माळवद खाली आलं. ती त्या रात्री ओसरीत झोपली होती म्हणून राहिली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय: जे गार ते जड, आणि जे हलकं ते गरम. हलकं असून गार असं काही करता येतं का? तुम्ही ज्याला माझा लोखंडाचा नाद म्हणता, तो एवढाच आहे.

करता येतं, पण नुसता पत्रा ठोकून नाही. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथं सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडं कललेला असतो. "दक्षिणेला खिडकी नको, ऊन येतं" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मी हे सांगते तेव्हा तो माझ्याकडं संशयानं बघतो. थोडक्यात, सगळ्यात जास्त मार छपराला, त्याच्या खालोखाल पश्चिमेच्या भिंतीला. तेवढ्या दोन जागा सांभाळल्या की अर्धं काम झालं.

म्हणून आम्ही छपरावर छप्पर घालतो. वरचा पत्रा म्हणजे छत्री. त्याखाली सहा इंच मोकळी जागा. वळचणीतून हवा आत शिरते, तापते, वर चढते आणि आढ्याजवळच्या फटीतून निघून जाते. खाली रॉकवूलचा, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा, दोन इंची थर आणि त्याखाली सिमेंट बोर्ड. वळचण चार फूट बाहेर. वरच्या पत्र्याचा रंग पांढरा, यावर मी तडजोड करत नाही. नवा कोरा जस्ताचा पत्रा चकाकतो म्हणून गार असेल असं वाटतं, पण आत शिरलेली उष्णता तो सहजी सोडत नाही; दुपारी हात लावून बघा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि उरलेली उष्णताही सोडून देतो.

चकाकीचा दुसरा त्रास शेजाऱ्याला. लॉस एंजेलिसमध्ये फ्रँक गेरी यांचा वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉल २००३ मध्ये उघडला. त्याच्या काही भागांवरचं स्टील आरशासारखं घोटलेलं होतं. त्यावरून उडालेलं ऊन समोरच्या घरांत घुसायला लागलं, शेवटी २००५ मध्ये ते पत्रे घासून मंद करावे लागले. एवढ्या मोठ्या माणसाचं असं झालं, तर जुळे सोलापुरात दहा फुटांच्या गल्लीत माझं काय होईल!

दुहेरी छपराची अक्कल माझी नाही. झाँ प्रुव्हे नावाचा एक फ्रेंच कारागीर होता. शिक्षणानं लोहार. वास्तुविशारदाची पदवी त्याच्याकडं नव्हती, आणि मला तो आवडण्याचं निम्मं कारण तेच आहे. त्यानं आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींसाठी घडीव पोलाद आणि अॅल्युमिनियमचं एक घर काढलं, मेझों त्रोपिकाल. भाग फ्रान्समधल्या कारखान्यात बनवायचे, विमानात भरायचे, तिथं नेऊन जोडायचे. १९४९ मध्ये एक नायजरमधल्या नियामेला उभं राहिलं, १९५१ मध्ये दोन काँगोतल्या ब्राझाव्हिलला. दुहेरी छप्पर, आढ्याला हवेची वाट, चारही बाजूंनी ओसरी आणि तिच्या कडेला ऊन अडवणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. पुढं मात्र एकही ऑर्डर आली नाही. किंमत तिथल्या साध्या बांधकामापेक्षा कमी पडेना, आणि तिथल्या साहेब लोकांना ते रूपच पसंत पडलं नाही. त्यातलंच एक घर उचलून परत नेलं, आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते जवळपास ५० लाख डॉलरला गेलं. ज्यात राहायला कुणी तयार नव्हतं, ते बघायला रांगा.

रूपाची ही गोष्ट आपल्याकडं जास्तच टोचते. तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, तो उन्हाचा नाही. आपल्याकडं स्थळ बघताना विचारतात, "घर स्लॅबचं हाय का पत्र्याचं?" पत्र्याचं म्हटलं की पुढचा चहा लवकर येतो आणि पाहुणे लवकर उठतात. माझ्या मावसभावाच्या बाबतीत हे घडलंय. त्यामुळे कुणी "तापत नाही का ओ?" म्हणालं की मला ऐकू येतं, "लोक काय म्हणतील?" त्याच घरात स्टीलच्या घागरी घासूनपुसून फळीवर लावलेल्या असतात, प्रत्येकीवर नाव कोरलेलं असतं. सुबोध गुप्ता हा बिहारचा कलावंत असलीच घरगुती भांडी रचून भलीमोठी शिल्पं करतो आणि जगभरची संग्रहालयं ती मांडतात. ऑस्ट्रेलियात ग्लेन मर्कट यांनी शेतातल्या शेडचा पन्हळी पत्रा घराला लावला; त्यांना वास्तुकलेतलं सगळ्यात मानाचं प्रित्झकर पारितोषिक २००२ मध्ये मिळालं. हे मी एकदा एका गिऱ्हाईकाला सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना पोरीची लग्नं करायची नसतील."

चुका? भरपूर. पहिल्याच घरात छपराच्या स्क्रूला गोल भोकं पाडली. दहा मीटर लांबीचं लोखंड पहाटेच्या २० अंशांवरून दुपारच्या ६५ अंशांवर गेलं की ५ मिलिमीटरहून जास्त वाढतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, साइटवर विसरले. पत्रा रोज थोडा लांब व्हायचा, रोज आखडायचा, स्क्रू तिरके झाले, रबराचे वायसर फाटले आणि मृगाच्या पहिल्या पावसात देवघरात धार लागली. शिवाय संध्याकाळी पत्रा निवताना टणटण वाजायचा. त्या घरातल्या आजींनी महिनाभर रामरक्षा मोठ्यानं म्हटली, मग कारण कळलं. आता भोकं लांबट असतात, पत्र्याला सरकायला जागा असते.

दुसरी चूक फॅशनची. कॉर्टेन नावाचं पोलाद येतं. त्यात थोडं तांबं, क्रोमियम, निकेल असतं. वरचा गंज घट्ट बसतो आणि आतलं लोखंड सांभाळतो. अमेरिकेत मोलीनला वास्तुविशारद ईरो सारिनेन यांनी आखलेलं ट्रॅक्टरवाल्या डिअर कंपनीचं अख्खं मुख्यालय १९६४ मध्ये त्यात उभं राहिलं. मलाही हौस आली. एका घराचं फाटक आणि दर्शनी भिंत कॉर्टेनची केली आणि चार दिवस पुण्याला गेले. परत आले तर सगळं लालभडक. आमचे फॅब्रिकेटर मामा, होटगी रोडचे, हात पुसत पुढं आले: "मॅडम, माल सगळा गंजलेला आला बघा. रात्री बसून रेड ऑक्साइड मारून घेतलं. त्याचे पैसे नको, आपलंच काम हाय." काय बोलणार? रंग खरवडून काढायला आठवडा गेला. मग पावसाळ्यात त्या भिंतीवरून ओघळलेलं तांबूस पाणी खालच्या शहाबादी फरशीत मुरलं. ते डाग अजून आहेत. मालक म्हणतात, जणू गुटखा खाऊन थुंकलंय कुणी. आता मी कॉर्टेनखाली खडीचा पट्टा घालते, आणि मामांना आधी सांगून ठेवते.

एरवी गंजाची फार भीती इथं बाळगू नका. सोलापूर कोरडं, समुद्राचा खारा वारा नाही. घासून, प्रायमर मारून, पाणी साचेल असा कोपरा न ठेवता केलेलं काम टिकतं. बहुतेक वेळा गंजतं ते लोखंड नाही, घाईत मारलेला वेल्डिंगचा टाका.

शेवटी अण्णांच्या घराबद्दल, कारण तुमच्यातले निम्मे ते बघूनच विचारता. पूर्व भागातले अण्णा, पन्नास वर्षं चादरीचा धंदा. माग वजनावर भंगारात घालायची वेळ आली तेव्हा एकच गोष्ट त्यांनी ठेवून घेतली, मागावर नक्षी उठवणाऱ्या जॅकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, भोकं पाडलेल्या. चादरीवरचा मोर म्हणजे त्या भोकांचा हिशेब. मला तिथंच सुचलं. पश्चिमेच्या भिंतीपासून दीड फूट पुढं तीन मिलिमीटरच्या पत्र्याची जाळी उभी केली आणि त्या पट्ट्यांवरची भोकं मोठी करून तिच्यावर उतरवली. चारनंतर भिंतीवर ठिपके सरकतात. मी फार खूश होते. अण्णांनी पट्टी आणि जाळी आलटून पालटून बघितली आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीत चूक हाय. मोराची मान मोडली." खरंच मोडली होती. ती तशीच आहे. जाळीला सावली पडते, भिंत हाताला गार लागते, आणि वारा सुटला की ती हलकी शीळ घालते. ते मी ठरवलेलं नव्हतं.

अण्णांच्या घरातल्या अक्कांचा आक्षेप वेगळाच होता, आणि त्याला माझ्याकडं धड उत्तर नव्हतं. उतरतं छप्पर म्हणजे गच्ची नाही. "मग वाळवण कुठं घालायचं?" नकाशावर एवढी वर्षं काम करताना मला कुरडया सुचल्याच नव्हत्या. घाईघाईनं गाडीच्या शेडवर लोखंडी जाळीची माची केली, वर जायला जिना दिला. पहिल्या दिवशी सांडगे जाळीतून खाली, गाडीच्या टपावर. गेल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा माचीवर घरचीच जुनी चादर ताणून बांधली होती आणि तिच्यावर कुरडया. अक्का वरूनच म्हणाल्या, "जाळी बरी हाय ओ, खालनं पण वारं लागतंय, एका दिसात वाळतंय. फक्त पुढच्या घराला वर एक नळ द्या. हात धुवायला सारखं खाली यावं लागतंय."

सध्या तो नळ काढतेय.