नळीतून सुटलेला ओक

गेल्या शनिवारी लेस्टरबाहेरच्या एका उतारावर आम्ही सहा जणांनी 70 नळ्या कापून काढल्या. माझी बोटं अजून आखडलेली आहेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नळ्या म्हणजे रोपाभोवती उभी करतात ती प्लास्टिकची, उजेड आत येऊ देणारी नळकांडी. ग्रॅहॅम ट्युली या वनखात्यातल्या संशोधकाने 1979 मध्ये इथे ब्रिटनमध्ये ती पहिल्यांदा वापरून पाहिली. आत वारा लागत नाही, ऊब आणि दमटपणा राहतो, रोप भराभर उंच जातं. पण मला विचाराल तर तिचं खरं काम राखणीचं. नळी किती उंच घ्यायची, ते खाणारं कोण यावर ठरतं. सशाला 60 सेंटीमीटर पुरते, लाल हरणाला 1.8 मीटर लागते. द्राक्षवेलींना लावतात ती आखूड. सशांपासून वाचवते, आणि तणनाशकाचा फवारा कोवळ्या खोडावर बसू देत नाही.

आमच्याकडे 1.2 मीटरच्या आहेत, मंटजॅकसाठी. मंटजॅक म्हणजे आपलं भेकर! इथलं चिनी जातीचं, वोबर्नच्या उद्यानातून सुटून पसरलेलं. पहिल्या हिवाळ्यात मी खुंटी ठोकत होते आणि झाडीतून ते भुंकलं. हातोडी तशीच हातात राहिली. पाटणला आमच्या घरामागच्या डोंगरात रात्री हाच आवाज यायचा.

तिथे आबा आंब्याच्या कलमाभोवती बोरीच्या काटेरी शिऱ्या रोवायचे. शेळी तोंड घालायची नाही. दोन पावसाळ्यांत शिऱ्या वाळवी खाऊन टाकायची, तोवर कलम शेळीचं तोंड पोचणार नाही इतकं वर गेलेलं असायचं. आबांना त्या काढायला कधी जावं लागलं नाही.

प्लास्टिकला वाळवी लागत नाही. उन्हाने ते आपोआप फाटेल असं लावताना सांगितलं होतं म्हणे. पण या उतारावर सावली दाट, नळ्यांवर शेवाळ. बर्चची खोडं आत ठासून भरली होती, दोन ठिकाणी साल प्लास्टिकवर चढली होती. एका नळीच्या तळाशी चिमणीएवढ्या पक्ष्याची हाडं सापडली. तोंडावर जाळी बसवली असती तर तो आत पडला नसता. लावणाऱ्यांनी मन लावून लावली होती, हे खुंट्यांवरून कळतं: प्रत्येक खुंटी नळीच्या कडेपेक्षा खाली, म्हणजे वाऱ्याने शेंडा घासू नये. पुढे मात्र कुणी फिरकलं नाही. याचंच मला फार वाईट वाटतं. किती झाडं लावली ते फलकावर असतं, किती नळ्या काढल्या ते कुठेच नसतं.

आता लोकरीच्या, पुठ्ठ्याच्या नळ्याही मिळतात. येत्या नोव्हेंबरात हेझेलच्या 20 रोपांना लोकरीच्या लावायच्या असं ठरवलंय.

शेवटची नळी एका ओकची होती. कापली तसा तो कमरेत वाकला. नळीत डोलायला मिळालं नाही की खोड बारीकच राहतं, त्याला उभं राहायची सवयच नसते. म्हणून त्याला खुंटीशी सैल बांधला, तेही खाली, गुडघ्याच्या उंचीवर, वरचा भाग वाऱ्यावर हलता राहील असा. बांधलेली पट्टी सोडायला ऑक्टोबरात मी जाणार आहे. तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे.